पहाटेची तयारी रात्रीच!

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता वा त्यानंतर भरविण्याचे निर्देश दिले. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागील कारण. पहाटे उठण्याचा संस्कार जपणाऱ्या घरांना हा निर्णय उलट्या दिशेचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न पहाटेचा नाही. तो घराघरांतील रात्रीचा आहे.

मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेता एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंज आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून ते दररोज जुळवून घेते. अंधार पडू लागला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर निद्रेची सिद्धता करते. दिव्यांचा लखलखाट वा डोळ्यांसमोरील पडदा हा स्राव लांबवतो. या घड्याळाची यंत्रणा पेशीतील जनुकांत कशी चालते, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निद्रेलाही क्रम असतो. पूर्वरात्री गाढ झोप अधिक, उत्तररात्री स्वप्नांची झोप अधिक. अकरा वाजता झोपलेल्या बालकाला साडेपाचला हलवून उठविले, तर प्रामुख्याने हा दुसरा भाग कापला जातो. शिकलेले मनात मुरण्यासाठी झोपेचे हे दोन्ही भाग मोलाचे असतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला किमान नऊ तासांची झोप हवी. पाचला उठायचे, तर आठला अंथरुणावर. हा साधा हिशेब आहे.

आपल्या पूर्वजांना जनुके ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांचे निरीक्षण पुरेसे थोर होते. चरकाचार्यांनी आहार आणि ब्रह्मचर्य यांच्यासह निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. ब्राह्ममुहूर्त ज्या दिनचर्येत सांगितला, त्या जीवनात दिवेलागणीनंतर दिवस आवरता घेतला जात असे. आपण त्यातील पहाट तेवढी उचलली आणि सायंकाळ दूरचित्रवाणीला व भ्रमणध्वनीला देऊन टाकली. अर्धी परंपरा ही परंपरा नव्हे. ती मुलांवरील सक्ती ठरते.

या संदर्भात एक भारतीय संशोधन उद्बोधक आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले की, गुहेतील अखंड अंधारात कोंडलेल्या वटवाघळाचे घड्याळ बाहेर ये-जा करणाऱ्या मुक्त सोबत्यांच्या हालचालीवरून जुळलेले राहते. सभोवतालच्यांचे वेळापत्रक हेच त्याचे वेळापत्रक बनते. मानवाच्या बाबतीत प्रकाशच प्रमुख, हे खरे. परंतु घरातील दिवे कधी मालवायचे, हे वडीलधारेच ठरवितात. आई-वडील मध्यरात्रीपर्यंत जागत असतील, तर लेकरांना 'लवकर नीज' म्हणण्यात अर्थ उरत नाही.

शासन शाळेची वेळ बदलू शकते, घराची नव्हे. नऊच्या शाळेमुळे रात्र आणखी तासभर लांबली, तर तो निर्णय वाया गेला असेच म्हणावे लागेल. संस्कारांचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच आरंभ रात्रीपासून करावा : आठपूर्वी भोजन, त्यानंतर पडदे बंद, मंद दिवा आणि आजीची गोष्ट. मग पहाटे मुलांना उठवावे लागणार नाही. ती आपण होऊन उठतील.