देवचाराला कोणतं संगीत?

गेल्या चतुर्थीनंतरची गोष्ट. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून संगणकावरचा एक गेम तयार करताहेत. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला आणि जेवणं आटोपल्यावर म्हणाला, "माम, तू भजनात पेटी वाजवतोस ना? आमच्या गेमला कोणतं म्युझिक घालायचं ते जरा ऐकून सांग."

मी पडलो सरकारी कारकून. बी.ए.ची पदवी आणि फायलींवर शेरे मारण्याचा वीस-बावीस वर्षांचा अनुभव एवढीच माझी पुंजी. गेम म्हणजे मुलांचे डोळे बिघडवणारी वस्तू, अशी माझी समजूत होती. पण हा गेम पाहून मी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर चक्क खाजन शेत होतं. बांध, मानस, भरतीचं पाणी, पलीकडे माड. बांध फुटायला आलेला आहे, गावचा राखणदार रुसून निघून गेला आहे, आणि एक मुलगी त्याला शोधायला निघाली आहे. आपण ती मुलगी व्हायचं, आपणच वाट निवडायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं, वेळ आली तर लढायचं. असल्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि जग असं अद्भुत असलं की फँटसी.

शेवटी देवचार आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत वहाणा. आजीच्या गोष्टीतला अगदी तसाच. आणि तो आला कशावर? आयरिश बासरीवर! मागे व्हायोलिनांचा ताफा, मोठमोठे ढोल आणि लॅटिनसारखं काहीतरी गाणारा पुरुषांचा कोरस. आमचा बिचारा देवचार स्कॉटलंडच्या डोंगरात वाट चुकल्यासारखा दिसत होता.

"हे का निवडलंत?" मी विचारलं.

"फँटसीला असंच असतं, माम."

हे उत्तर माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. आमच्या कचेरीत नवीन प्रकरण आलं की पहिला प्रश्न असतो, मागच्या फाईलीत काय केलं होतं? तेच पुढच्या फाईलीत उतरवायचं. कोणी विचारत नाही आणि कोणी अडकत नाही. या मुलांनी संगीत निवडलं नव्हतं. त्यांनी मागची फाईल काढली होती.

मग मीही ती मागची फाईल चाळायची ठरवली. भाच्याने नावं दिली, मी रात्री जागून ऐकत बसलो.

या खेळांचं मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे आणि त्यावर टॉल्किनच्या कादंबऱ्यांची दाट छाया आहे. म्हणजे जग उत्तर युरोपचं: किल्ले, धुकं, एल्फ, बुटके. संगीतही मग तिकडचंच येणार. गंमत अशी की त्याचा पहिला मोठा साचा जपानमध्ये घडला. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. त्याचे संगीतकार कोइची सुगियामा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्या काळच्या निनटेंडोच्या यंत्राजवळ मुख्यतः तीन सुरांच्या वाटा आणि एक खरखरीची, एवढंच भांडवल. तेवढ्यात सुगियामांनी राजवाड्याला बाखच्या वळणाचं संगीत दिलं आणि रणशिंगासारखी सुरावट देऊन खेळाचं दार उघडलं. पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी' आला. त्याचे नोबुओ उएमात्सू कुठल्या संगीतशाळेत न जाता स्वतःच शिकलेले. पुढे टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ रोजी, देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते या खेळांच्या संगीतावर, आणि सुरुवात झाली 'ड्रॅगन क्वेस्ट'ने. ज्याला आपण मुलांचा चाळा म्हणत होतो, त्याला एका देशाने जगापुढे आपलं संगीत म्हणून उभं केलं!

सुगियामांनी पाश्चात्य सूर घेतले यात मला गैर वाटत नाही. त्यांच्या खेळाचा राजवाडा युरोपीय होता, त्याला तसे सूर शोभले. पण चाळीस वर्षांनी आमच्या खाजनावर तेच सूर का?

याच फाईलीत वेगळे शेरेही सापडले. २०१५ चा 'द विचर ३' हा पोलंडचा गेम आहे, पोलिश लेखकाच्या कथांवरचा. त्याच्या संगीतकारांनी 'पर्सिव्हल' नावाच्या तिथल्या लोकसंगीताच्या मंडळींना सोबत घेतलं. लढाई सुरू झाली की बायका शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशा उघड्या गळ्याने गातात. शब्द कळत नाही, पण ही माणसं कुठल्या मातीतली ते कळतं. खेळ जगभर गाजला. पोलिश सूर आहेत म्हणून कोणी दूर गेलं नाही. 'आपलं घातलं तर बाहेरच्यांना कळणार कसं' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. परका माणूस भाषा न कळता गाणं ऐकतो. त्याला ताप होतो तो खोटेपणाचा.

झालं! मला चेव आला. मी भाच्याला म्हटलं, "ते सगळं काढून टाक. घुमट घाल. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय. याहून आपलं दुसरं काय?" आमच्या वाड्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर होतंच. घुमट, शामेळ, कासाळे, टिपेला पोचलेली. मुलांनी ते लढाईला लावलं. आठ दिवसांनी भाचा परत आला आणि मला खेळायला बसवलं.

माझी बोटं काही चालेनात. राक्षस येई, आरती सुरू होई, मी मरे. पुन्हा राक्षस, पुन्हा आरती, पुन्हा मरण. सहाव्या-सातव्या खेपेला मला कसंसंच व्हायला लागलं. ज्या आरतीच्या वेळी माझे वडील डोळे मिटून उभे राहत, ती मी राक्षसाला काठी मारताना ऐकत होतो आणि मध्येच तोडत होतो. भाचा माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "माम, हें हांगा सोबना."

मीच चुकलो होतो. त्यांनी परक्यांची फाईल काढली, मी आपल्या घरची काढली. विचार दोघांनीही केला नाही. घुमट हे नुसतं देवाचं वाद्य नव्हे. तो शिगम्यात घुमतो आणि ख्रिस्ती घरात मांडोलाही साथ करतो. वाद्य मोकळं आहे. पण आरतीला जागा असते, वेळ असते, समोर कोणीतरी असतो. ती उचलून लढाईला लावणं म्हणजे देव्हाऱ्यातली समई नेऊन गोठ्यात टांगणं. उजेड पडतो, पण घरातलं माणूस अस्वस्थ होतं.

मग निवडायचं कसं? याचं उत्तर मला गेममध्ये मिळालं नाही, दशावतारात मिळालं.

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती मिनिटांचा ते ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराला नसतं. खेळणारा बांधावर अर्धा तास बगळे बघत उभा राहील, नाहीतर दोन मिनिटांत राक्षसाच्या तोंडी जाईल. म्हणून या संगीताचे तुकडे आणि थर करून ठेवतात. शत्रू जवळ आला की ढोलाचा थर चढतो, दूर गेला की उतरतो. १९९१ च्या 'मंकी आयलंड २' या खेळापासून लुकासआर्ट्स कंपनीने यासाठी खास व्यवस्था वापरली. आता एफमॉड, वाइज अशी तयार सॉफ्टवेअर मिळतात. भाचा हे मोठ्या कौतुकाने सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतला पेटीवाला उभा राहिला.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा रंगात आला तर एक प्रवेश पाऊण तास चालतो. पेटीवाल्याची नजर सारखी नटावर. राजा बोलतोय तोवर एकच सूर धरून ठेवायचा, आवाज चढला की पखवाजाने खाली हळूच चाल धरायची, तलवार उपसली की झांज. तलवार म्यान झाली की पुन्हा तोच सूर. एफमॉडचं काम आमच्याकडे पायपेटीवर चालत आलं आहे! म्हणजे गेमला संगीत निवडताना पहिला प्रश्न 'कुठल्या देशाचं' हा नसावा. 'याला थांबता येतं का? ताणता येतं का? मध्येच तोडलं तर जखम होत नाही ना?' हा असावा. आरती या परीक्षेत नापास होते. तिला सुरुवात आणि शेवट आहे. आलाप पास होतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. मोठ्या फँटसी गेममध्ये सूर्य उगवतो, मावळतो. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये दिवसाचं आणि रात्रीचं संगीत वेगळं ठेवलेलं आहे. आणि आपण? पहाटेचा, दुपारचा, संधिप्रकाशाचा राग ठरवून बसलेली माणसं आपण. एवढी तयार व्यवस्था घरात असताना 'भारतीय टच' म्हणून वाळवंटाच्या देखाव्यावर दोन सेकंद सतार खणखणवायची, याला काय म्हणावं?

तिसरा प्रश्न कोण कोणाचा, हा. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'ला संगीत दिलं. त्यात पंडितजींची गायकी वेगळी आणि खाँसाहेबांची वेगळी. डोळे मिटून ऐकलं तरी कोणाचं घर ते कळतं, कारण नाटकाचं भांडणच गायकीचं आहे. गेममध्येही गाव, रान, राक्षस आणि राखणदार यांची घराणी अशी वेगळी ऐकू आली पाहिजेत. सगळीकडे एकच भव्य कोरस घातला तर भव्य काहीच राहत नाही.

आता कोणी म्हणतील, मग पाश्चात्य सगळं हद्दपार करा. मला ते मान्य नाही, आणि गोंयकाराला तर ते शोभतच नाही. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक मुंबईला गेले आणि त्यांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं कोण विसरेल? गोव्यात व्हायोलिन परकं नाही. आमच्याच गावात संध्याकाळी एका बाजूने भजन आणि दुसऱ्या बाजूने व्हायोलिनचा रियाज ऐकू येतो. खाजनाचा बांध दोन्ही वाड्यांचा असतो, फुटला तर पाणी दोघांच्याही शेतात शिरतं. तेव्हा त्या गेममध्ये व्हायोलिन असावं, पण ते आमच्या शेजाऱ्याच्या माडीवरचं असावं.

आणि हे काम जन्माने गोंयकार असलेल्यानेच करावं असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, आपल्या पुराणकथांवरचा. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. उलट बाजूने, बेल्जियममध्ये तयार झालेल्या २०१७ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' मध्ये खेळणाऱ्याला आपल्या पात्राचं वाद्य निवडायला मिळतं, आणि त्या चार वाद्यांत आपली बासरी आहे. परक्या कंपनीने बासरी निवडायची सोय ठेवावी आणि आमच्या मुलांनी तयार आयरिश सूर उचलावेत, हे मात्र टोचतं.

मला काळजी वाटते ती पुढची. आमच्या पिढीने देवचार आजीच्या तोंडून ऐकला. तिला पार्श्वसंगीत नव्हतं. बाहेर पाऊस होता, पुरे होता. उद्याच्या मुलाला देवचार पहिल्यांदा भेटेल तो कदाचित अशा पडद्यावरच. त्या वेळी कानावर जे पडेल, तेच त्याच्यासाठी देवचाराचं संगीत होऊन बसेल. मग ते पुसता येणार नाही. म्हणून मी या मुलांच्या मागे लागलो आहे, एरवी मला काय पडलंय?

सध्या त्यांनी बराच कचरा काढला आहे. रात्री बांधावर आता संगीत नाही, बेडूक आणि पाणी. पेटीचा एकच सूर, तोही देवचार जवळ असेल तरच. घुमट शेवटी एकदाच येतो, सगळा गाव बांध घालायला जमतो तेव्हा. आरती नाही, नुसता ताल. राक्षसाला मात्र त्यांनी चेलो ठेवलाय. मला तो पटत नाही, आमचा वाद चालू आहे.

आणि गेल्या रविवारी वडिलांची जुनी काठी काढून आम्ही आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर आपटून तिचा आवाज रेकॉर्ड केला. बायको आतून ओरडली, "भर दुपारी हे काय चाललंय?" तो आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आला आहे. भाचा म्हणतो, काढून टाकू. मी म्हटलं, थोडा विचार कर.