प्रतीक कोण घडवितो?

काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात आजीच्या निधनानंतर घर रिकामे करण्याची वेळ आली. भांडीकुंडी वाटली गेली. परंतु ज्या पितळी ताटात वर्षानुवर्षे मलिदा होत आला ते ताट आणि इलियाहू हन्नाबीची काचेची तसबीर, कोणास हवी असल्यास न्यावी म्हणून जिन्याखाली ठेवलेली आम्हांस दिसली. नातवाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "शेजारी विचारतात, ही कसली यहुदी वस्तू? आमच्यात असे नसते. त्यांना काय सांगू?" मुलगा वाईट नव्हे. त्याला उत्तर कोणी दिलेच नव्हते.

त्याच्या पासपोर्टावर जे राष्ट्रचिन्ह आहे, त्याचाच इतिहास पाहावा. सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे पवित्र मंदिर जाळले. पुढे टायटसच्या विजयाची कमान रोममध्ये उभी राहिली. तीवर लुटीची मिरवणूक कोरली आहे व तीत मेनोरा, म्हणजे सात शाखांचा दीपवृक्ष, खांद्यावरून वाहून नेला जात आहे. आमच्या मानहानीचेच ते चित्र. रोमचे यहुदी त्या कमानीखालून जाण्याचे टाळीत.

परंतु दीपवृक्ष केवळ त्या दगडात राहिला नव्हता. साध्या कारागिरांनी तो तेलाच्या दिव्यांवर, थडग्यांवर, बेथ अल्फा येथील सिनेगॉगच्या फरशीवर काढीत ठेवला. १९४८ साली राज्य स्थापन झाल्यावर चिन्हाचा शोध सुरू झाला. गाब्रिएल व मॅक्सिम शमीर या बंधूंनी प्रथम नव्या धर्तीचा दीपवृक्ष रेखाटला होता. पण निवड समितीने कमानीवरचाच दीपवृक्ष मागितला. त्याच्या दोन्ही बाजूंस जखऱ्या संदेष्ट्याच्या दर्शनातील जैतुनाच्या फांद्या आल्या आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते चिन्ह स्वीकारले गेले. मुख्य राब्बी हर्झोग यांनी त्याच्या बैठकीवर हरकत घेतली. कमानीवरील ती बैठक मंदिरातील मूळ दीपवृक्षाची नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हरकत अभ्यासपूर्ण होती. तरीही आज त्या चिन्हाला रोमन कोणी म्हणत नाही. कमानीचा दगड होता तसाच आहे. त्याकडे पाहणारे लोक मात्र परतून आले आणि त्यांनी त्याचा अर्थ बदलला.

यावरून आम्ही इतकेच म्हणतो की, वस्तू कोठून आली यावर तिचे प्रतीकत्व अवलंबून नसते. ती कोणी, कोणत्या प्रसंगी, काय आठवून जपली यावर ते अवलंबून असते. मलिद्याचे पोहे, गूळ, खोबरे कोकणचे आहे, हे खरेच. तसबीरही बाजारात छापलेली, कलेच्या दृष्टीने सामान्यच. परंतु त्याच ताटासमोर आमच्या वाडवडिलांनी नवस फेडले, लग्ने ठरविली, मुलांच्या आजारात इलियाहू हन्नाबीची आठवण केली. अलिबागजवळील खंडाळ्याच्या खडकावरील खुणा दाखवून, येथून त्याचा रथ वर गेला असे त्यांनी मुलांना सांगितले. पोथ्या नव्हत्या त्या काळात या श्रद्धेनेही आम्हांस इस्राएलाशी बांधून ठेवले. त्या ताटाची लाज कशाची?

अशा वस्तू संग्रहालयात ठेवाव्यात असे काही बंधू सुचवितात. अवश्य ठेवाव्यात. पण काचेआड गेलेले ताट रिकामे असते. शिक्षकी पेशात आम्ही एक गोष्ट शिकलो: मूल प्रश्न विचारते तेव्हाच शिकते, आणि उत्तर न मिळाल्यास विचारणे सोडून देते.

म्हणून वाचकांना विनंती इतकीच. यापुढे घरी मलिदा होईल तेव्हा बेराखा म्हणून झाल्यावर लगेच फळे वाटू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनी पाच मिनिटे हे ताट कोणाचे, कोणत्या गावाहून आले, पहिला मलिदा कशासाठी केला, ते सांगावे. नातवंडांना मराठी समजत नसेल तर हिब्रूत सांगावे. जिन्याखालील ते ताट आम्ही उचलून आणले आहे. नातू मागावयास येईल, या आशेने ते घासून ठेवले आहे.