पिलूं कीं निराळी जात?

आमच्या घरीं भिंतीवर एक जुनें छायाचित्र आहे. गुबगुबीत गाल, नाकाचा पत्ता नाहीं, आणि कपाळानें निम्मा चेहरा व्यापलेला. तें आमच्या थोरल्या बंधूंचें जावळाच्या दिवशींचें आहे, असें सांगितलें तर परक्या माणसास खरें वाटत नाहीं. कारण आज बंधूंच्या आधीं त्यांचें नाकच खोलींत प्रवेश करतें. घरांत आई आहे म्हणून साक्ष मिळते. पण साक्षीदार कोणीच नाहीं, कातडें नाहीं, रंग नाहीं, नुसतीं हाडें आहेत, आणि तींही कोट्यवधि वर्षें दगडांत पडलेलीं, अशा वेळीं लहान तें मोठ्याचें पोर, कीं मुळांतच ठेंगणी अशी दुसरी जात, हें कसें ठरवावें?

डायनोसॉर नांवाच्या महासरटांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांपुढें हा पेंच नेहमींच उभा असतो. वासराच्या कपाळावर शिंगें नसतात. गाय ज्यानें कधीं पाहिली नाहीं, त्याला वासरूं व बैल यांचे सांगाडे दिले तर तो त्यांना दोन नांवें देईल, आणि त्याला कोणीं दोष देऊं नये.

असा घोटाळा झाल्याचें पहिलें मोठें उदाहरण कॅनडांतील आल्बर्टा प्रांताचें. तेथें बदकासारख्या चोंचीच्या व डोक्यावर पोकळ तुरा असलेल्या डायनोसॉरांच्या कवट्या पुष्कळ सांपडल्या, आणि त्यांच्या बारा जाति मानण्यांत आल्या. १९७५ सालीं पीटर डॉडसन या अमेरिकन संशोधकानें कवट्यांचीं मापें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां ठेंगण्या तुऱ्याचीं तीं 'निराळीं' जनावरें म्हणजे उंच तुरेवाल्यांचींच पोरें निघालीं. कांहीं फरक वयाचे, कांहीं नर-मादीचे; बारांच्या तीन जाति उरल्या!

पुढें जॅक हॉर्नर या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हेंच शस्त्र इतरांवर चालविलें. अमेरिकेच्या पश्चिम भागांत जाड घुमटासारख्या डोक्याचा एक प्राणी होता. त्याच प्रदेशांत चपट्या डोक्याचा व कांटेरी असा दुसरा सांपडला. त्याला २००६ सालीं मुलांच्या आवडत्या कादंबऱ्यांतील जादूच्या शाळेचें, हॉगवर्ट्सचें, नांव जोडलें होतें. लहान घुमट व लांब कांटे असलेला तिसराही होता. २००९ सालीं हॉर्नर व मार्क गुडविन यांनीं सांगितलें कीं हे तीन नव्हेत, एकाच प्राण्याचें बालपण, तारुण्य व प्रौढपण आहे. वय वाढतें तसे कांटे झिजतात आणि घुमट वर येतो. बिचारी जादूची शाळा! दुसऱ्याच वर्षीं हॉर्नर व जॉन स्कॅनेला यांनीं ट्रायसेरॅटॉप्स या तीन शिंगांच्या डायनोसॉरावर हात घातला. टोरोसॉरस म्हणून जो दुसरा मानतात, तो म्हातारा झालेला ट्रायसेरॅटॉप्सच होय, असें त्यांचें म्हणणें. हें मात्र सर्वांस पटलें नाहीं, आणि २०१२ सालीं त्याचा सविस्तर प्रतिवादही झाला.

हा केवळ नांवांचा तंटा आहे असें समजूं नये. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं हें सारें कुळ नष्ट झालें. त्या वेळीं तें भरभराटींत होतें, कीं आधींच उतरणीस लागलें होतें, याचा हिशोब जातींच्या संख्येवर बसवावा लागतो. पोरांना वेगळ्या जाति म्हणून मोजलें तर कुळ भरलेलें दिसतें. खऱ्या जातींना पोरें म्हणून वगळलें तर तें ओसाड दिसतें.

या दुसऱ्या चुकीची हकीकत विशेष मनोरंजक आहे. १९४२ सालीं अमेरिकेच्या माँटाना प्रांतांत क्लीव्हलंडच्या पदार्थसंग्रहालयाच्या मंडळींना एका मांसाहारी डायनोसॉराची कवटी सांपडली. लांबी दोन फुटांहून थोडी कमी. त्याच थरांत टिरॅनोसॉरस या सुप्रसिद्ध 'जुलमी राजा'चीं हाडें मिळतात. त्याची कवटी चार फुटांहून मोठी. चार्ल्स गिलमोर यानें १९४६ सालीं या लहान कवटीस गॉर्गोसॉरसाच्या कुळांत बसविलें. १९८८ सालीं बॉब बॅकर व इतर दोघांनीं तिला 'ठेंगणा जुलमी' या अर्थाचें नॅनोटिरॅनस हें नांव दिलें. पुढें १९९९ सालीं थॉमस कार यानें कवटीच्या हाडाचा पोत व जोड पाहून निकाल दिला कीं हा ठेंगणा वगैरे कोणी नाहीं, राजाचाच कोंवळा राजपुत्र आहे. राजाहून दात जास्त, हें खरें. पण वयाबरोबर ते कमी होत असतील, असें समाधान करण्यांत आलें. पुढें 'जेन' या लाडक्या नांवाचा एक सांगाडा मिळाला. २०२० सालीं तिच्या पायाच्या हाडाचे पातळ काप काढून पाहिले, तर ती सुमारें तेरा वर्षांची व अजून वाढत असलेली दिसली. राजपुत्राचा पक्ष जिंकला असें बहुतेकांस वाटलें.

हे काप म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. झाडाच्या खोडांत वर्षावर्षाचीं वलयें असतात, तशीं या प्राण्यांच्या हाडांतही असतात. वर्षाच्या कठीण काळांत वाढ मंदावते आणि एक रेघ उमटते. हाडाचा तुकडा प्रकाश आरपार जाईल इतका घासून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला म्हणजे रेघा मोजतां येतात. रेघांमध्यें ऐसपैस अंतर असेल तर प्राणी वाढत होता. कडेपाशीं त्या दाटीनें बसल्या असतील तर वाढ संपली होती. माणसाची जन्मपत्रिका हरवते. यांची मात्र हाडांतच लिहिलेली.

पण सर्वांत चांगला पुरावा कुलुपांत होता. २००६ सालीं माँटानांतच एक ट्रायसेरॅटॉप्स आणि एक लहान जुलमी असे दोघे एकमेकांशेजारीं गाडलेले सांपडले होते. ते खाजगी मालकीचे. २०१३ सालीं न्यूयॉर्कला लिलावांत निघाले, पण विकले गेले नाहींत. मग मालकी कोणाची यावर कोर्टकज्जे झाले. अखेर २०२० सालीं ते नॉर्थ कॅरोलिनांतील पदार्थसंग्रहालयास मिळाले. इतकीं वर्षें विद्वान लोक एका प्रश्नावर शाई खर्च करीत होते, आणि उत्तर पेटाऱ्यांत पडून होतें, याचें आम्हांस अजून वाईट वाटतें.

ऑक्टोबर २०२५ मध्यें लिंडसे झॅनो व जेम्स नेपोली यांनीं त्या प्राण्याचा अहवाल प्रसिद्ध केला. रेघा दाट, मणके सांधलेले, वय सुमारें वीस, अर्थात् प्रौढ. वजन मात्र सुमारें ७०० किलो, आणि राजाचें तर कित्येक हजार किलो. शिवाय त्याच्या हाताचीं हाडें पूर्ण वाढलेल्या राजाहूनही मोठीं होतीं. पोराचा हात वाढतां वाढतां आखूड होतो, असें कोठें ऐकिलें आहे काय? या एकाच मुद्द्यावर आमच्यासारख्या सामान्य माणसाचें मत फिरतें. जेनलाही त्यांनीं नॅनोटिरॅनसांतच, पण निराळ्या जातींत घातलें, आणि ग्रीकांच्या पुराणांतील विस्मृतीच्या नदीवरून त्या जातीस नांव दिलें. मूळच्या कवटीला तर अंगच नव्हतें, मग रेघा मोजाव्यात कोठें? डिसेंबर २०२५ मध्यें दुसऱ्या मंडळींनीं तिच्या गळ्यांतील एका बारीक हाडाचा काप काढला. हल्लींच्या सुसरी व पक्षी यांच्या त्याच हाडाशीं ताडून पाहिला. आणि तोही प्राणी वाढ पुरी होत आलेला ठरला.

म्हणजे जिला राजकन्या म्हणून मिरविली ती शेजारच्या घरची निघाली. राजा किती झपाट्यानें वाढे, पोरपणीं काय खाई, कसा धांवे, याविषयीं तिच्यावरून बांधलेले कित्येक अंदाज आतां पुन्हां तपासावे लागणार. थॉमस कारच्या निकालास मात्र आम्ही हंसणार नाहीं. त्याच्यापुढें जें होतें त्यावरून तो निकाल वाजवी होता.

मग राजाचीं खरीं पोरें कोठें आहेत? तीं फार थोडीं मिळतात. २०२२ सालीं नॉर्थ डाकोटा प्रांतांतील उजाड टेकड्यांत वडिलांबरोबर फिरावयास गेलेल्या दोघां भावांना व त्यांच्या चुलत भावाला मातींतून वर आलेलें पायाचें एक हाड दिसलें. २०२४ सालीं डेन्व्हरच्या पदार्थसंग्रहालयानें तो किशोरवयांतील टिरॅनोसॉरस असल्याचें जाहीर केलें, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोरच त्याच्या हाडांवरचा दगड काढण्यास आरंभ केला.