गुरुत्वमध्याचा विसर

आमच्या नातवानें सुट्या भागांच्या संचांतून ८० इंच पंखविस्ताराचें, पेट्रोल-इंजिनाचें व बिनतारी यंत्रानें हांकावयाचें नमुना-विमान जुळविलें. बाल्साच्या फासळ्या चिकटविणें, बिजागऱ्या बसविणें, इंजिनाच्या हादऱ्यांनीं स्क्रू ढिले होऊं नयेत म्हणून त्यांच्या आट्यांस चिकटद्रव्य लावणें, हें सर्व त्यानें निगुतीनें केलें. गुरुत्वमध्य तपासणें मात्र राहिलें. तरफेचा नियम शाळेंत जन्मभर शिकविलेल्या आम्हींही त्याच्या उत्साहाकडे पाहून आग्रह धरला नाहीं.

विमान उठलें, नाक वर करून क्षणभर थबकलें आणि कोसळलें. मैदान रिकामें होतें, म्हणून केवळ पंखावर निभावलें.

अशा विमानाचा गुरुत्वमध्य सामान्यतः पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश अंतरावर असावा लागतो. आमचा मागें सरकला होता. इंधनाची टाकी पुढें असते, म्हणून ती रिकामी ठेवून पंखाखालीं दोन टेकू दिले असते, तर शेपटीचा जडपणा तत्काळ दिसता. बॅटरी पुढें सरकवून तो दूरही करतां आला असता.

आतां नवा पंख तयार होत आहे. या खेपेस टेकू आम्ही स्वतः लावणार आहों. ठाऊक असून वेळीं न बोलणें, हें वडिलकीस शोभत नाहीं.