गोलरक्षकालाही वस्ताद हवा

कोल्हापूरच्या फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आघाडीच्या फळीचा वेग, मध्यरक्षकांच्या चढाया, परगावाहून किंवा परदेशातून आणलेल्या खेळाडूंचा मेहनताना, पंचांचे निर्णय आणि प्रसंगी पंचांचे पूर्वज, अशा सर्व विषयांचा यथासांग परामर्श घेतला जातो. परंतु गोल होईपर्यंत ज्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही असा एक इसम त्या मैदानावर उभा असतो, आणि तो म्हणजे गोलरक्षक. समस्त पेठेला त्याची आठवण होते ती चेंडू जाळीत गेल्यावर, किंवा सामना टायब्रेकरवर गेल्यावर. बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांत बरोबरीत सुटलेले सामने टायब्रेकरवर निकालात निघणे हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी यांपैकी कोणत्याही संघाच्या वर्षभराच्या खर्चाचा आणि उमेदीचा फैसला अखेर अकरा मीटरांवरून मारलेल्या पाच फटक्यांपुढे उभ्या असलेल्या एका माणसाच्या हाती जाऊ शकतो, हे शाळकरी पोरही जाणते. ज्याच्यावर एवढा निवाडा सोपवायचा त्याला तयार करण्याची तजवीज मात्र आपण केलेली नाही. आणि शरीर घडविण्याच्या विद्येत ज्या गावाचा उभ्या देशात लौकिक, त्या गावाने ती करू नये, ही गोष्ट मला केवळ आश्चर्याची नव्हे, तर नामुष्कीची वाटते.

आपले कितीतरी फुटबॉल संघ तालमींच्या पोटी जन्मले आहेत. शाहू छत्रपतींच्या राजाश्रयाने येथे मल्लविद्या बहरली, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि शाहूपुरी, मोतीबाग, गंगावेश अशा तालमींतून जी परंपरा चालत आली तिच्यातून श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले व पुढच्याच वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांकडे आला. या यशाच्या मुळाशी पैलवानांची ताकद होती हे खरे, पण त्या ताकदीला वळण लावणारा वस्ताद होता हे अधिक खरे. भल्या पहाटे पोराला उठविणे, जोर-बैठका मोजून घेणे, हळद, ताक आणि तेल घालून आखाड्याची माती मऊ राखणे, खुराकावर लक्ष ठेवणे, लढतीत चुकलेला पाय तेथल्या तेथे दुरुस्त करणे, आणि कोणता पोर केव्हा मैदानात उतरवायचा व केव्हा आणखी वर्षभर थांबवायचा हे ठरविणे, एवढा सारा कारभार वस्तादाच्या एका नजरेखाली चाले. फुटबॉलने तालमीकडून नाव घेतले, निशाण घेतले, ईर्षा घेतली आणि पाठीराख्यांची फौजही घेतली. वस्ताद तेवढा मागे राहिला. मैदानातील इतर दहाजण खेळता खेळता खेळ शिकतात, कारण चेंडू त्यांच्या पायांत पुनःपुन्हा येतो आणि चुकलेला पास पुढच्या मिनिटाला सुधारता येतो. गोलरक्षकाच्या वाट्याला संपूर्ण सामन्यात खरे कसोटीचे क्षण चार-पाचच येतात, आणि प्रत्येक क्षणाची चूक फलकावर लिहिली जाते; म्हणून त्याची विद्या सामन्यात शिकता येत नाही, ती सामन्यापूर्वीच अंगात मुरलेली असावी लागते.

ही विद्या किती बारकाव्यांची आहे याची कल्पना पायऱ्यांवरून सहसा येत नाही. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच; पेनल्टीचा जोरदार फटका तेथवर पोचण्यास अर्धा सेकंददेखील घेत नाही. एवढ्या अवधीत विचार करणे मनुष्यस्वभावाच्या शक्यतेबाहेरचे असल्यामुळे विचार आधीच करून ठेवावा लागतो, आणि व्यावसायिक गोलरक्षकाची दिनचर्या म्हणजे या आधीच केलेल्या विचारांची उजळणी होय. मोठ्या व्यावसायिक क्लबांत तो संघाबरोबर सराव करण्यापूर्वी आपल्या स्वतंत्र प्रशिक्षकाकडे हजर होतो. प्रथम पायांचे काम: पाय एकमेकांत न अडकविता बाजूला सरकणे, चेंडू जागा बदलील तशी आपली जागा हातभर बदलणे, आणि समोरच्याचा पाय चेंडूला लागण्याच्या क्षणी थांबून, वजन चवड्यांवर घेऊन, हात पुढे करून स्थिर होणे. या शेवटच्या अवस्थेला आपल्या गावात नवे नाव शोधण्याचे कारण नाही. पैलवान ज्याला पवित्रा म्हणतो तोच हा. त्यानंतर हातांचे काम: छातीच्या वरचा चेंडू दोन्ही अंगठे जवळ आणून पंजे चेंडूच्या मागे धरून थोपविणे, खालचा चेंडू पोटाशी कवेत घेणे, गर्दीत उडालेला चेंडू एक गुडघा उचलून स्वतःचे रक्षण करीत उंचावर पकडणे, पकडणे अशक्य असेल तर दोन्ही मुठींनी दूर लोटणे. मग कोनांचा हिशेब: पुढे सरसावले तर चौकट झाकली जाते, पण डोक्यावरून चेंडू जाण्याचा धोका वाढतो, मागे राहिले तर उलट. दुपारी व्यायामशाळा, संध्याकाळी पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे फटके पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहणे, आणि एवढे करून रविवारी संघात निवड होईलच अशी हमी नाही, कारण या जागेवर एकच माणूस लागतो आणि दुसरा, तितकीच मेहनत केलेला, महिनोन्महिने बाकावर बसून असतो.

सर्वांत अवघड भाग पडण्याचा. झेप घेणे धाडसाचे काम आहे असे आपण समजतो. वस्तुतः झेप कोणीही घेईल, जमिनीवर उतरणे शिकावे लागते. पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर आणि मग दंडाची मागची बाजू अशा क्रमाने शरीर टेकले तर आघात विभागला जातो. कोपर किंवा खांदा आधी टेकला तर हंगाम तेथेच संपतो. आखाड्यातील पोराला पडण्याची हीच शिस्त मऊ मातीत वर्षानुवर्षे शिकविली जाते. आमच्या गोलरक्षकाच्या नशिबी मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हाने दगडासारखी झालेली सरावाची मैदाने येतात. तेथे सोललेले कोपर आणि ठणकणारा खुबा यांना कोणी दुखापत म्हणत नाही. ती त्या जागेची पट्टी समजून वसूल केली जाते. डोक्याची गोष्ट तर याहून गंभीर. चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक २००६ साली एका सामन्यात कवटीचे हाड मोडून घेऊन बाहेर पडला, काही महिन्यांनी परतला, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत संरक्षक टोपी घालून खेळला. आघाडीपटूच्या पायांत डोके घालणाऱ्या आमच्या किती पोरांना निदान त्या क्षणी डोके कोणत्या बाजूला वळवावे एवढे तरी कोणी सांगितले आहे?

आमचा पेठेतील गोलरक्षक व्यावसायिक म्हणावा तर त्याचा चरितार्थ खेळावर चालत नाही, आणि हौशी म्हणावा तर त्याच्याकडून अपेक्षा व्यावसायिकाची. कोणी उद्यमनगरात यंत्रावर उभा असतो, कोणी गुजरीत दागिन्यांच्या कामावर बसतो, कोणी घरचे दूध घालून मग मैदानावर येतो. सकाळच्या सरावात सर्वांबरोबर धावून झाले की अखेरची पंधरा-वीस मिनिटे सर्व खेळाडू रांग लावून त्याच्यावर फटके मारतात, आणि यालाच गोलकीपरचा सराव म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे. हा सराव वास्तविक फटके मारणाऱ्यांचा. दमलेल्या माणसावर एकामागून एक चेंडू आदळले तर तो चेंडू अडविण्यापेक्षा अंग चोरण्यास अधिक लवकर शिकतो. हातमोज्यांचा रबरी पंजा आमच्या खडबडीत जमिनीवर झपाट्याने झिजतो. नवा जोड बहुधा ज्याचा त्याने घ्यावयाचा. स्पर्धेच्या शेवटी ‘उत्कृष्ट गोलरक्षक’ म्हणून एक चषक दिला जातो हे मान्य. तो घरी फडताळात राहतो आणि मोजे फाटकेच राहतात.

शरीराइतकेच मनही एकाकी. इस्रायली संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अव्वल दर्जाच्या सामन्यांतील २८६ पेनल्टी तपासल्या, तेव्हा असे दिसले की गोलरक्षक मध्येच उभा राहिला असता तर अधिक फटके अडले असते; तरीही शेकडा ९४ वेळा त्याने डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. कारण उघड आहे: झेपावून गोल खाल्ला तर प्रयत्न केला असे म्हणतात, उभे राहून खाल्ला तर पुतळा म्हणतात. परक्या देशातील तटस्थ प्रेक्षकांपुढे ही अवस्था, तर एका बाजूला शिवाजी पेठ आणि दुसऱ्या बाजूला मंगळवार पेठ ठासून भरलेली असताना जागेवर स्थिर राहण्याची छाती कोणाची होणार? ब्राझीलच्या मोआसिर बार्बोझाने १९५० साली विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेकडून जो एक गोल खाल्ला त्याचा ठपका २००० साली मरेपर्यंत त्याच्या माथी राहिला. आपल्याकडे विश्वचषक नाही, पण ठपका ठेवण्याची ताकद ब्राझीलपेक्षा तसूभरही कमी नाही. हरलेल्या संघाचा गोलरक्षक दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जाण्याचे का टाळतो, हे पेठेत राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रतिभा असली की ती वर येतेच. आघाडीत ती येते, याचा दाखला आपल्याकडे आहे: कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्याच संघात चौकटीत उभा होता तो मणिपूरचा धीरज सिंग, आणि तीन सामन्यांत नऊ गोल होऊनही त्या पोराची वाखाणणी झाली, कारण जे अडले ते पाहणाऱ्यांनी पाहिले होते. शेजारच्या गोव्याने आपल्या गोलरक्षकांची जपणूक केली. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८४ साली संतोष करंडक जिंकला तो संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळण्यास मात्र पुढे तेरा वर्षे लागली, तेव्हा सरकारदरबारीही या जागेची दखल उशिराच घेतली जाते असे दिसते. शिवाय गोलरक्षक हा उशिरा पिकणारा खेळाडू आहे. इटलीचा दिनो झोफ कर्णधार म्हणून १९८२ चा विश्वचषक उचलताना चाळिशीत होता. ज्या वयात त्याची नजर खऱ्या अर्थाने पक्व होऊ लागते त्याच वयात आमच्याकडे संसाराची जबाबदारी अंगावर येऊन तो मोजे खुंटीला टांगतो.

नियमही आता त्याला पूर्वीसारखे स्वस्थ राहू देत नाहीत. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताने घेण्यास १९९२ पासून बंदी आली, तेव्हापासून तो पायानेही खेळणारा अकरावा खेळाडू झाला. आणि २०२५ पासून आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. एक गोलच्या आघाडीवर असताना चेंडूला छातीशी कवटाळून घड्याळाकडे पाहण्याची जी आमची जुनी कला, तिचाही यामुळे अंमल संपला.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवितो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने आपल्याच जुन्या गोलरक्षकांपैकी दोघा-तिघांना ते शिक्षण देऊन कायम नेमणूक द्यावी, त्यांच्याकडे सर्व संघांच्या गोलरक्षकांचा आणि बारा-तेरा वर्षांच्या होतकरू पोरांचा सामाईक वर्ग आठवड्यातून निदान दोनदा भरवावा, आणि एका मैदानाच्या कोपऱ्यात पडण्याच्या सरावासाठी वाळूचा हौदा करावा. खर्चाची सबब मला पटत नाही. बाहेरच्या खेळाडूवर एकेक संघ हंगामात जे ओततो त्याचा अल्पांश सर्वांनी मिळून बाजूला काढला, आणि चषकांच्या पुरस्कर्त्यांनी अंतिम सामन्याच्या आतषबाजीत थोडी काटकसर केली, तर या कामाची तरतूद सहज होईल.

खरी अडचण पैशाची नसून ईर्षेची आहे. पाटाकडीलचा आणि खंडोबाचा गोलरक्षक एका माणसापुढे एकाच वेळी उभे राहतील काय, असे मला एका जाणत्या पाठीराख्याने विचारले. का राहू नयेत? एका वस्तादाच्या हाताखाली गावोगावचे पैलवान राहत, एका ताटाजवळ जेवत आणि प्रसंगी एकमेकांशी जोड लागली तर लढतही. त्यात कोणाच्या इभ्रतीला बाध आला नाही. उलट गोलरक्षकाला सरावात नेमके फटके मारून देणारा सर्वांत समजूतदार माणूस दुसरा गोलरक्षकच असतो, कारण कोणता चेंडू झोंबतो हे त्यालाच ठाऊक. वर्गाला आरंभ करावयाचा तर पावसाळ्यातच करावा. त्या महिन्यांत वरिष्ठ गटाच्या स्पर्धा सहसा नसतात, मंडळांना सराव बुडाल्याची तक्रार करता येत नाही, आणि भिजलेल्या जमिनीवर पडायला शिकणाऱ्या पोराचे कोपर शाबूत राहते.