बाहेरचे दार, आतले कपाट



हल्ली काही घरांत दोन कॉम्प्युटर दिसतात. एक जुना, टेबलावरचा. दुसरा मुलांच्या कॉलेजसाठी काटकसर करून घेतलेला लॅपटॉप. आमच्याकडेही तसेच आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे सारे स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवले होते. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोनच दिवस उरले. तिने लॅपटॉपवरून तो फोल्डर उघडायला घेतला, तर फोल्डर दिसे, पण आत जाण्याची परवानगी नाही!

चूक आमचीच होती. विंडोजमध्ये अशा फोल्डरला दोन कुलुपे असतात. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहा. 'शेअरिंग' हे बाहेरच्या दाराचे कुलूप, 'सिक्युरिटी' हे आतल्या कपाटाचे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येणाऱ्याला दोन्ही उघडी लागतात; त्यांतले जे कडक, तेच चालते. आम्ही दार उघडले, कपाट तसेच राहिले.

आपल्या घरी असे झाले तर क्रमाने पाहावे.

१) दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर असावेत. नेटवर्क 'प्रायव्हेट' व फाइल शेअरिंग चालू असावे. जुना 'होमग्रुप' शोधू नका. विंडोज १० मधून तो २०१८ साली काढला गेला.

२) ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, तेथे मुलीच्या नावाचे खाते पासवर्डसह उघडावे. लॅपटॉप विचारेल तेव्हा तेच नाव व तोच पासवर्ड द्यावा. रोजचा पिन येथे चालत नाही. आमचा अर्धा तास त्यातच गेला.

३) तेच नाव दोन्ही कुलुपांत घालावे. नुसते पाहायचे तर 'रीड' पुरे. बदल करायचे असतील तर शेअरिंगमध्ये 'चेंज' आणि सिक्युरिटीमध्ये 'मॉडिफाय' द्यावे.

कंटाळून पासवर्डची अट काढू नका आणि 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊ नका. वायफाय वापरणारा कोणीही मग आपले दाखले पुसू शकेल. नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

आमचा अर्ज वेळेत गेला. दाखल्यांची एक प्रत आता पेनड्राइव्हवरही ठेवली आहे. तुम्हीही अर्जाच्या दिवसाची वाट न पाहता या रविवारी फोल्डर उघडून पाहा.