वेगळी चूल मांडण्यापूर्वी

महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि गावांची संख्या 40 हजारांहून अधिक आहे. या दोन आकड्यांतील अंतर ज्याच्या ध्यानी आले, त्याला ग्रामीण महाराष्ट्रातील एका जुन्या आणि पुनःपुन्हा उफाळून येणाऱ्या असंतोषाचे मूळ निराळे सांगावे लागत नाही. हजारो गावे, वाड्या आणि तांडे स्वतःच्या नावाच्या पंचायतीवाचून आहेत. दोन-तीन गावे मिळून एक गट-ग्रामपंचायत असते, तिची कचेरी मोठ्या गावात असते, सरपंच बहुधा मोठ्या गावाचा असतो आणि नळाची तोटी व रस्त्यावरचा दिवाही प्रथम त्याच गावात पोहोचतो. मग वाडीचे लोक म्हणतात, आमची घरपट्टी तुम्हांला चालते, आमची तहान मात्र तुम्हांला दिसत नाही. आम्हांला आमची स्वतंत्र पंचायत द्या.

ही मागणी न्याय्य आहे, हे आरंभीच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा पुरस्कार केला, 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने राज्यातील पंचायतींची घडी बसवली आणि 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने गावाच्या स्वराज्याला राज्यघटनेचे अधिष्ठान दिले. ज्या वस्तीला आपले प्रश्न आपणच सोडवावेत असे वाटते, तिला 'तुम्ही लहान आहात, गप्प बसा' असे म्हणणे या साऱ्या परंपरेशी द्रोह करण्यासारखे आहे. तथापि मागणी न्याय्य असणे आणि ती पूर्ण झाल्यावर सुखाची होणे या दोन भिन्न गोष्टी होत. एकत्र कुटुंबातून वेगळा निघणारा भाऊ भांड्यांची वाटणी मोजून घेतो. परंतु उद्यापासून मिठामिरचीचा खर्च कोण करणार, याचा हिशेब तो पुष्कळदा मांडीत नाही. स्वतंत्र पंचायतीच्या मागणीत नेमका हाच हिशेब मागे राहतो, आणि म्हणून त्याची चर्चा येथे करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, पंचायत वेगळी झाल्याने पैसा निर्माण होत नाही. जो आहे तो विभागला जातो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये पंचायतींच्या अर्थव्यवहारासंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. 2022-23 साली देशातील एका पंचायतीचे सरासरी उत्पन्न सुमारे 21 लाख रुपये होते. त्यात केंद्राचे अनुदान सुमारे 17 लाख आणि राज्याचे सव्वातीन लाखांच्या घरात. पंचायतीने स्वतःच्या करांतून मिळविलेली रक्कम किती? अवघी 21 हजार रुपये. आणि करेतर उत्पन्न 73 हजार. म्हणजे ज्या संस्थेला आपण गावाचे सरकार म्हणतो, तिच्या शंभर रुपयांतील सुमारे पंचाण्णव रुपये दुसऱ्याने दिलेले आणि एकच रुपया गावाने कर म्हणून भरलेला. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता एका कल्पित उदाहरणाने हा हिशेब पाहू. समजा, 3 हजार लोकवस्तीच्या एका गट-ग्रामपंचायतीला वर्षाला 18 लाख रुपये वित्त आयोगाचे अनुदान मिळते आणि तीतून 1 हजार वस्तीची एक वाडी वेगळी निघते. हे अनुदान मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जात असल्याने वाडीच्या वाट्याला सुमारे 6 लाख येतील. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी रुपये सुचविले होते. त्यांतील 60 टक्के पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेले होते, आणि उरलेले 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चावयाचे असले तरी त्यांतून पगार व आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई होती. याच अटी धरल्या, तर वाडीचे 3 लाख 60 हजार पाणी-स्वच्छतेकडे गेले आणि 2 लाख 40 हजार इतर कामांना उरले. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या मजुरीतील पंचायतीचा वाटा, कचेरीतील कागद-दप्तर, सभेचा खर्च, हे सर्व घरपट्टी-पाणीपट्टीतूनच भागवावयाचे.

त्या वाडीत 200 घरे आहेत आणि प्रत्येक घराची वार्षिक पट्टी 1 हजार रुपये आहे, असे धरू. एकूण मागणी 2 लाखांची. वसुली निम्मी झाली, तर हातात 1 लाख. स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकांसाठी आणि 5 टक्के अपंग बांधवांसाठी राखून ठेवणे हे पंचायतीचे कर्तव्यच आहे आणि ते योग्यही आहे. ती रक्कम बाजूला काढल्यावर वर्षाला 70 हजार, म्हणजे महिन्याला 6 हजारही उरत नाहीत. एवढ्या पैशात पंचायत चालवावयाची! पूर्वी हाच खर्च तीन हजार लोकांत विभागला जात होता, आता तो एक हजारांवर पडला आहे. कचेरी एक होती त्या दोन झाल्या, दप्तरे दोन झाली, लेखापरीक्षणे दोन झाली, संगणकावर नोंदी करणारी माणसेही दोन लागली. ग्रामसेवकाचे वेतन सरकार देते हे खरे. पण एकाच ग्रामसेवकाकडे दोन पंचायतींचा कारभार सोपविला गेला, तर वाडीच्या कचेरीचे कुलूप किती दिवस उघडणार, हा प्रश्न उरतोच.

यावर कोणी म्हणेल की, मग कर वाढवावेत. कायद्याने पंचायतीला अधिकार थोडे दिलेले नाहीत. घरे व बिनशेती जमिनी यांवरील कर, दिवाबत्ती कर, सामान्य स्वच्छता कर, पाणीपट्टी, आठवड्याच्या बाजारावरील फी, जत्रेवरील कर अशी यादी बरीच लांब आहे. परंतु बाजार भरतो तो मोठ्या गावात, जत्रा तेथलीच, आणि एखादा कारखाना वा पेट्रोल पंप असलाच तर तोही हमरस्त्याला लागून. शेतसारा भरणारी जमीन घरपट्टीच्या कक्षेबाहेर. तेव्हा निव्वळ शेतीवर जगणाऱ्या वाडीच्या हाती उरतात ती कौलारू घरे आणि पत्र्याची छपरे. म्हणून विभाजनात सीमारेषा कोठून आखली जाते याला विलक्षण महत्त्व आहे. गरीब वाडी उपेक्षेला कंटाळून वेगळी निघते, तशीच एखादी सधन वस्ती आपल्या हद्दीतील कारखान्याची पट्टी शेजाऱ्यांना द्यावी लागू नये म्हणूनही वेगळी निघू पाहते. पहिलीच्या मागे न्याय आहे. दुसरीच्या मागे स्वार्थ आहे. दोहोंच्या अर्जावर 'स्वतंत्र ग्रामपंचायत' हे शब्द सारखेच असतात, म्हणून सरकारने दोहोंना एकाच मापाने मोजणे हा मात्र न्याय होणार नाही.

हा खेड्यांचा प्रश्न, शहरातील वाचकाला त्याचे काय, अशी शंका कोणाला येईल. पुण्याच्या वेशीवरील फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांची कहाणी त्याने आठवावी. 2017 साली ही गावे महानगरपालिकेत आली. सोयी यावयाच्या त्या आधी यावयास हव्या होत्या. आली ती मिळकतकराची वाढीव बिले, अशी तेथील नागरिकांची तक्रार होती. अखेर 2024 मध्ये ही गावे महानगरपालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत दोनदा हद्दी बदलल्या. परंतु पाण्याची गरज आणि रस्त्यांची दैना हद्दीबरोबर बदलत नाही. जो खर्च महानगराच्या मोठ्या तिजोरीला टाळता आला, तो आता लहान तिजोरीला टाळता येणार नाही. कारण उत्तर मागणारा नागरिक आता दाराशीच उभा आहे.

मात्र चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव लेखा येथील गट-ग्रामपंचायतीचा एक भाग होते. या गावाने पंचायतीच्या पाटीची वाट पाहिली नाही. ग्रामसभा भरवून एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावली, गावाचा कोष उभारला, 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला आणि 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. 2013 साली ते ग्रामदानी गाव म्हणून जाहीर झाले. आधी उत्पन्नाचे साधन, आधी हिशेबाची सवय आणि मग अधिकारपत्र, असा हा क्रम आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने निराळाच मार्ग दाखविला; पूर्ण पट्टी भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत दळून देण्याची सोय केली आणि कर म्हणजे केवळ दंड नव्हे, हे गावाच्या गळी उतरविले. जेथे दिलेला रुपया आपल्याच गल्लीत खर्च झालेला दिसतो, तेथे माणूस तो देताना कमी कुरकुरतो. लहान पंचायतीची खरी शक्ती येथे आहे. ती शक्ती वापरली, तर महिन्याचे 6 हजार दुप्पट होण्यास वेळ लागत नाही. न वापरली, तर वेगळी पंचायत म्हणजे अनुदानाच्या रांगेत उभे राहणारे आणखी एक पात्र एवढाच तिचा अर्थ.

आमच्या मते या बाबतीत दोन्ही पक्षांनी काही पथ्ये पाळली पाहिजेत. वाडीने स्वतंत्र होण्याचा ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेपुढे तीन वर्षांचे अंदाजपत्रक मांडावे. घरे किती, पट्टी किती, पाण्याच्या पंपाचे वीजबिल किती आणि ते कोणाच्या नावावर येणार, हे फळ्यावर लिहून सर्वांना, विशेषतः ज्यांना पाणी भरावे लागते त्या स्त्रियांना, वाचून दाखवावे. ते ऐकूनही ज्या वाडीचे हात वर होतील, तिच्या निर्धाराबद्दल कोणी शंका घेऊ नये. सरकारनेही पंचायत जाहीर करून हात झटकून मोकळे होऊ नये. जुन्या पंचायतीचा निधी, मालमत्ता आणि देणी यांच्या वाटणीची तरतूद कायद्यात आहे. ती वाटणी वर्षानुवर्षे दप्तरात न ठेवता नव्या पंचायतीच्या पहिल्या सभेपूर्वी पुरी व्हावी. निवडणूकही तातडीने व्हावी. पंधराव्या आयोगाच्या अटींनुसार रीतसर निवडून आलेली संस्था नसेल तर अनुदान अडत असे; प्रशासकाच्या हाती ठेवलेली नवजात पंचायत म्हणजे जन्मताच दुधावाचून ठेवलेले मूल होय. आणि जी वस्ती खरोखरच दुर्बळ आहे, तिच्यासाठी पहिली काही वर्षे कचेरीच्या खर्चाचा भार राज्याने उचलावा. वेगळी निघणारी वस्ती सधन असेल, तर मागे राहणाऱ्या गावाची हानी भरून देण्याचे दायित्व तिच्यावर ठेवावे.

स्वराज्य फुकट मिळत नाही, हे या देशाला नव्याने सांगावयास नको. गावाच्या स्वराज्याचे मोल तर अगदी मोजक्या रुपयांत ठरते. वर्षाकाठी हजार रुपयांची पट्टी वेळेवर भरणारी दोनशे घरे ज्या वाडीत आहेत, तिला पंचायत नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या वाडीत ती नाहीत, तिने मंत्रालयाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी आपल्याच गल्लीतील दोनशे उंबरे चढावेत.